वाटप न लावलेली कोंबडी

आचरा
सोमवार, २० जानेवारी २०२५

सीते,

वर नुसतं नाव लिहिलं आहे. आशीर्वाद लिहावा तर तू हसशील, नमस्कार लिहावा तर मलाच हसू येईल, आणि 'प्रिय' वगैरे आपण चौतीस वर्षांत कधी म्हटलं नाही, आता कुठे सुरुवात करायची.

काल तन्वीचा फोन आला होता. म्हणाली, "बाबा, आईन सांगल्यान हा, फोनार बोलाचा नाय. काय सांगूचा आसात ता लिवन पाठवा. लिवताना तुमचो आवाज चढणा नाय." हे वाक्य तुझंच. आपल्या लेकीच्या डोक्यातून असलं काही निघत नाही. एस.टी.च्या वर्कशॉपात तीस वर्षं इंजिनांच्या वर आवाज काढून बोललेला माणूस मी. माझा आवाज मोठा आहे, मान्य. पण मोठा आवाज म्हणजे राग नव्हे, हे निदान तुला तरी एव्हाना कळायला हवं होतं. असो. लिहायला बसलो आहे. बाजारात रेघांचे कागद मागितले तर दुकानदाराने विचारलं, नातवंडासाठी का म्हणून. मी हो म्हटलं.

तू ७ तारखेला, मंगळवारी सकाळच्या गाडीने तन्वीकडे जामसंड्याला गेलीस. मला वाटलं दोन दिवसांत येशील. दोनाचे तेरा झाले. कधी येणार म्हणून विचारलं, तर यायचं की नाही तेच ठरलेलं नाही असा निरोप आला. का येणार नाही म्हणून विचारलं, तर दुसरा निरोप, "काय चुकला ता तुमीच शोधा." आता ह्या वयात मी कोडी सोडवत बसू का? काय चुकलं ते सांग, मी दुरुस्त करतो. आजवर मी हेच काम केलं आहे.

तरी शोधलं. रिकामा वेळ भरपूर आहे. मागच्या अंगणातला फणस तुला न विचारता तोडला, त्याचा राग असेल असं पहिल्यांदा वाटलं. पण तो घरावर झुकला होता आणि तोडल्यावर तूच म्हणालीस की उजेड बरा येतो. मग आठवलं, दिवाळीत तुझ्या भावाला, परशुरामला, मी चार माणसांत आळशी म्हटलं. पण तो आळशी आहे, हे तुलाही ठाऊक आहे. नाहीतर मग तुझे उपास. आधी नुसता सोमवार होता, मग गुरुवार आला, संकष्टी आली, शनिवार आला. दोन वर्षांत देवांनी तुझा आठवडा वाटून घेतला आणि मी तुला 'संतीण' म्हणायला लागलो. पण ते गमतीनं, आणि तू हसायचीस. की हसत नव्हतीस? आता नीट आठवेना.

५ तारखेला रविवारी तन्वीचे सासूसासरे जेवायला आले होते, त्यात काही बिनसलं असेल असं वाटत नाही. जेवण उत्तम झालं. सगळे पोटभर जेवून गेले.

इकडे सर्व ठीक. माझं जेवणखाण व्यवस्थित चाललं आहे. काजूला मोहोर बरा आहे. ह्यातलं कुठलं कारण ते कळव.

गुरुदास


आचरा
सोमवार, २७ जानेवारी

सीते,

आठ दिवस वाट बघितली. तुझं पत्र नाही, तन्वीचा फोन तेवढा आला. तू माझं पत्र दोनदा वाचलंस आणि "रविवारचा पुन्ना आठवा म्हणा" एवढंच म्हणालीस म्हणे.

म्हणजे तो रविवारच. मी चक्रावलो. फणस असता तर मला पटलं असतं.

बरं, आठवतो. दुपारी एकच्या सुमारास मी व्याह्यांना घेऊन बाजारातून आलो. टेबलावर ॲल्युमिनियमचा मोठा ट्रे होता, वर तांबूस खरपूस, कडेनं काहीतरी बुडबुडत होतं. मी विचारलं काय, तू म्हणालीस, "भट्टीतली कोंबडी." मी म्हटलं असेल काहीतरी. कोंबडी आहे ऐकल्यावर व्याही बाह्या सावरून बसले होते. तू चमच्यानं ट्रेमधलं कापून वाढलंस आणि आत सगळं पांढरं. वाटप नाही, मसाला नाही, रस्सा नाही. दुधातली कोंबडी. व्याह्यांनी चमच्यानं इकडचं तिकडे केलं आणि हसत म्हणाले, "पेशंटाक घालतत तसला काय गो ह्या?" विहीणबाईंनी अंगठ्याएवढा तुकडा घेतला. दत्तप्रसाद मुकाट जेवत होता, पण आपला जावई समोर येईल ते चांगलं म्हणतो, त्याचं मत धरता येत नाही.

मला तुझ्यासाठी लाज वाटली, सीते. आपल्या घरी आलेला व्याही अर्धपोटी उठून जाणार, आणि जामसंड्यात जाऊन सांगणार की आचऱ्यात आम्हाला दूधभात वाढला. म्हणून मी ट्रे उचलला, आत नेला, मोठ्या टोपात उलटा केला. भाजल्या कांदाखोबऱ्याचं वाटप तू फ्रीजमध्ये करून ठेवतेस ते होतंच. ते घातलं, तीन चमचे मालवणी मसाला घातला, एक चांगली उकळी काढली. वीस मिनिटांत सागोती तयार. रंग काय आला होता. अस्लमच्या भट्टीवरून पाव मागवले. व्याह्यांनी तीनदा घेतली आणि जाताना तुला हात जोडून म्हणाले की अशी सागोती वर्षात खाल्ली नाही. मी तेव्हा सगळ्यांना सांगितलं की हात सीतेचाच आहे, मी फक्त टोप बदलला. श्रेय मी घेतलं नाही.

ह्यात चुकलं कुठे? पाहुणे जेवले, कोंबडी वाया गेली नाही, नाव तुझं झालं. मी तुझी लाज राखली असं मला तेव्हाही वाटलं आणि खरं सांगायचं तर आताही वाटतं. तू मात्र टोप घासलास, दोन दिवस गप्प राहिलीस आणि गेलीस.

काहीच उलगडत नाही म्हणून मी ठरवलं आहे की ती कोंबडी स्वतः करून बघायची. सुटे भाग जमिनीवर मांडल्याशिवाय मला बिघाड दिसत नाही. तुझी वही पिठाच्या डब्यामागे सापडली. त्यात तुझ्या अक्षरात आहे: कोंबडी वीस मिनिटं उकडून हाडं काढणे. लोण्यावर मैदा परतणे, लाल करू नये. दूध थोडं थोडं. मिरी, जायफळ. उकडलेला बटाटा, मटार. वर साय, चीज, पावाचा चुरा. अस्लमभाईंची भट्टी, दुपारचे पाव निघाल्यावर, चाळीस मिनिटं.

त्याच्या खाली दुसऱ्या पेनानं लिहिलं आहे, 'तिसऱ्या वेळी जमलं.' हे काय? ह्या घरात ती कोंबडी मी एकदाच बघितली. आधीच्या दोन वेळा कुठे झाल्या?

मागच्या पत्रात जेवणखाण व्यवस्थित आहे असं लिहिलं होतं. सकाळी चहापाव, दुपारी भात-लोणचं, रात्री दुपारचा भात.

गुरुदास


आचरा
सोमवार, ३ फेब्रुवारी

सीते,

काल केली. वाट लागली.

कोंबडा मी गणपतकडून गावठी आणला. वहीत कुठली कोंबडी ते लिहिलेलं नाही, आणि दुकानातल्या ब्रॉयलरला मी आजवर कोंबडी म्हटलेलं नाही, तो कापूस. वीस मिनिटं उकडायला लिहिलंस, मी घड्याळ लावून वीस मिनिटं उकडला. हाडं काढताना सुरी दोनदा हातातून निसटली तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

मग ते दूध आणि मैदा. मैदा लोण्यावर परतला, छान वास आला, आणि मी दूध ओतलं. थोडं थोडं हे वाचलं होतं, पण थोडं म्हणजे किती ते लिहायला हवं की नको? एका क्षणात सगळ्या गुठळ्या. पळीनं दाबल्या तर भिंतीला उडाल्या. शेवटी चहाच्या गाळणीतून गाळलं. ती गाळणी आता चहाच्या कामाची राहिली नाही.

ट्रे स्कूटरच्या पायाजवळ ठेवून जुन्या ट्यूबनं आवळून बांधला आणि भट्टीवर गेलो. तिठ्यावरच्या गतिरोधकाला निम्मं दूध माझ्या पायावर आलं. दुपारचे पाव नुकतेच निघाले होते. अस्लमला विचारलं, भट्टीचं टेंपरेचर किती? इंजिनाचा काटा बघितल्याशिवाय मी कधी बोनेट लावलं नाही, तुला ठाऊक आहे.

"काटो खंयचो रे," अस्लम म्हणाला. "पीठ टाकतंय आणि धा आकडे मोजतंय. पीठ करपला तर पावाची आग, नुसता तांबडा झाला तर नानकटाईची. तुझ्या कोंबडेक नानकटाईची व्हयी."

"तुका कसा म्हायत?"

"वैनी तीनदा इली मरे ट्रे घेवन."

असं मला कळलं. दिवाळीनंतर तू तीन वेळा आलीस. दोनदा मी दुपारी झोपलेला असताना, तिसऱ्यांदा त्या रविवारी मी बाजारात गेलो असताना, ट्रे टॉवेलात बांधून, चालत. पहिला करपला तो कुत्र्यांना घातलास. दुसरा पातळ झाला तो तू आणि अस्लमची बायको अकिला, दोघींनी तिथेच पिठाच्या पोत्यांवर बसून वाटीनं खाल्लात. ही कोंबडी अकिलाभाभी बहारीनहून शिकून आली आणि तिनं तुला शिकवली, हेही मला भट्टीवर उभं राहून ऐकावं लागलं. दिवाळी ते जानेवारी. एवढे दिवस तू एका ट्रेच्या मागे होतीस आणि मला त्यातलं काही ठाऊक नाही.

मी अस्लमला विचारलं, "माका कसा कोणी सांगूक नाय?"

"तुका सांगल्यार तू काय करतलस?" असं म्हणून तो लांब फावडं घेऊन भट्टीकडे वळला. हा काय प्रश्न झाला? काय करणार म्हणजे? सोबत आलो असतो. निदान स्कूटरवरून सोडलं असतं. घरी येईपर्यंत मी त्याच्यावर चिडलेला होतो आणि घरी आल्यावर मला नक्की कशाचा राग आला आहे तेच सांगता येईना.

चाळीस मिनिटांनी वरून सोन्यासारखं दिसत होतं. आतला गणपतचा कोंबडा जसाच्या तसा. तासभर चावत बसलो. तुझ्या वहीप्रमाणे मी तंतोतंत केलं होतं, तरी हे असं. पुढच्या रविवारी ब्रॉयलर आणून बघतो.

तुझी तब्येत कशी आहे ते तन्वी सांगत नाही. नुसतं "बरी आसा" म्हणते.

गुरुदास


आचरा
सोमवार, १० फेब्रुवारी

सीते,

तंतोतंत केलं असं गेल्या वेळी लिहिलं, ते खोटं होतं. दुधात एक चमचा मालवणी मसाला घातला होता. कालही घातला. मी ठरवून घातला असंही नाही. डबा पुढ्यात होता, हात गेला. आईनं कोंबडीला मसाला लावलेला बघत मी लहानाचा मोठा झालो, मसाल्याशिवाय कोंबडी विस्तवावर ठेवायची म्हणजे मला उघड्यानं बाजारात गेल्यासारखं वाटतं. हे कबूल करतो आहे, कारण त्या चमच्यामुळेच पुढचं झालं.

काल कोंबडी जमली होती. ब्रॉयलर, गुठळ्या नाहीत, दूध कपाकपानं घातलं. भट्टीतून ट्रे निघाला तेव्हा अकिलाभाभी बाहेर आली. मी अभिमानानं तिला एक वाटी भरून दिली. तिनं एक चमचा तोंडात घातला आणि वाटी खाली ठेवली.

"भाऊ, मसालो घातलात?"

"एकच चमचो."

"मगे ह्या सीताभाभीसाटी नाय."

मी म्हटलं, एका चमच्यानं काय होतं, आम्ही घरी चार घालतो. ती म्हणाली, "तुमका खराच म्हायत नाय? तिका तिखट चलणा नाय. तोंड आतसून सगळा सोलवटता. दोन वर्सां झाली. कसालच्या डॉक्टरान बंद केल्यान हा."

मी म्हटलं, असं कसं, ती तर उपास करते.

"उपास खंयचे, भाऊ? तिखट नको म्हटल्यार घरात शंबर प्रश्न. उपासाक कोण काय इचारणा नाय. म्हणान उपास."

मी तिथे उभा होतो, हातात गरम ट्रे, खाली ठेवायचं सुचलं नाही. अस्लमनं तो काढून घेतला.

मी तिला विचारलं की मला का सांगितलं नाही. ती म्हणाली की तू सांगितलं होतंस. एकदा. आणि मी हसलो. मला आधी वाटलं ती काहीतरीच बोलते आहे. घरी येऊन पायऱ्यांवर बसलो आणि तो दिवस हळूहळू आठवला. ओसरीवर चार माणसं बसली होती, तू पाणी घेऊन आलीस आणि म्हणालीस की हल्ली तिखट सोसत नाही. मी मोठ्यानं म्हटलं, "आयका, मालवणात जन्माक इली आणि तिखट सोसणा नाय." सगळे हसले. तू तांब्या ठेवून आत गेलीस. त्यानंतरच्या सोमवारपासून, माझ्या हिशेबानं, तुझे उपास वाढले असणार.

काल मी आणखी एक गोष्ट आठवायचा प्रयत्न केला. तू आमच्याबरोबर सागोती शेवटची कधी खाल्लीस? तन्वीच्या लग्नात तू वाढत होतीस. शिमग्याला तुझं काहीतरी व्रत होतं. गेल्या वर्षी माझ्या वाढदिवसाला तू पेज घेतलीस आणि मी म्हटलं, संतीण आली. त्याच्या मागचं काही आठवतच नाही. माझं ताट आठवतं, त्यात काय काय होतं तेही आठवतं. तुझं ताट कुठे होतं ते आठवत नाही.

आणि त्या रविवारचं. व्याही, विहीण, तन्वी, दत्तप्रसाद आणि मी, माणसं पाच. टेबलावर ताटं सहा होती. तू नेहमी सगळ्यांच्या मागून जेवतेस, म्हणून मला वाटलं मोजण्यात चुकलीस. मी ते सहावं ताट उचललं आणि परत फळीवर ठेवलं. तू बघत होतीस. तुझ्या हातात चमचा होता.

मग मी ट्रेही उचलला.

सीते, मला वाटतं सापडलं. पण सापडल्यावर काय करायचं असतं ते कळत नाही.

गुरुदास


आचरा
सोमवार, १७ फेब्रुवारी

सीते,

बुधवारी मी कसालला जाऊन आलो. तुझ्या डॉक्टरांना भेटलो. त्यांनी पेशंटशिवाय जास्त काही सांगितलं नाही, तेही बरोबरच. एवढंच म्हणाले की दोन वर्षांपूर्वी त्यांनी तुला घरच्या माणसाला घेऊन यायला सांगितलं होतं आणि तू म्हणालीस की त्यांना कामं असतात. मी तेव्हा निवृत्त होऊन वर्ष झालं होतं. मला कसली कामं होती? येताना बसमध्ये मला रडू आलं. शेजारच्या बाईनं खिडकी उघडून दिली, तिला वाटलं गाडी लागली.

काल तिसऱ्यांदा केली. मसाल्याचा डबा आधीच शेजारी नेऊन ठेवला. मिरीसुद्धा चिमटीनं मोजून घातली. अकिलाभाभीनं खाऊन बघितली आणि वाटी संपवली, म्हणजे जमली असणार.

मग मी घरी आणून ती जेवलो. खोटं लिहीत नाही, मला आवडली नाही. पहिले चार घास मला चवच लागेना. वाटलं, आजारी पडलो आहे. मग हळूहळू दूध कळलं, जायफळ कळलं, कोंबडीला स्वतःची एक चव असते तेही कळलं. तरी सागोतीसारखी नाही ती नाहीच. पण जेवता जेवता माझ्या मनात आलं की दोन वर्षं तू माझ्यासाठी रोज मसाला भाजत होतीस, वाटत होतीस, त्याचा ठसका घरभर व्हायचा, आणि मग मागच्या दारी बसून पेज प्यायचीस. मला फक्त एक जेवण सोसावं लागलं आणि मी चार घासांत कुरकुरलो.

तू परत ये असं मी लिहिणार होतो. तीन कागद फाडले. परत येऊन काय करायचं आहेस, ते मला सांगता आलं नाही. भांडी मी घासतो आहे, भात मी लावतो आहे, हे लिहिलं तर प्रमाणपत्र मागितल्यासारखं दिसतं. मला माफ कर असं लिहिलं, तेही फाडलं, कारण तू लगेच करशील आणि मग मी परत जसाच्या तसा होईन अशी मला भीती वाटते. तरी इथे लिहितोच. मला माफ कर. लगेच नको.

रविवारी, २३ तारखेला, मी जामसंड्याला येईन म्हणतो. तुझी हरकत नसेल तर. न्यायला येत नाही. मोठ्यानं बोलणार नाही, तन्वीच्या सासऱ्यांशीही नाही. तन्वीच्या शेजारणीकडे ओव्हन आहे म्हणे, कोंबडी तिथे करीन, सामान घेऊन येतो. मला फक्त एकदा समोर बसून तू जेवताना बघायचं आहे. चौतीस वर्षांत ते कधी बघितलेलं नाही, हे मला ह्या महिन्यात कळलं.

गुरुदास


जामसंडे
बुधवार, १९ फेब्रुवारी

तन्वीच्या बाबांना,

पाचही पत्रं पोचली. तुमचं अक्षर इतकं बरं आहे हे मला माहीत नव्हतं.

तुम्ही तिखटाचं लिहिलंत, ते खरं. ताटाचं लिहिलंत, तेही खरं, आणि ते तुम्हाला आठवेल असं मला वाटलं नव्हतं. वाचून मी न्हाणीघरात जाऊन रडले. तन्वीला सांगू नका.

पण मी त्या दोन्ही कारणांनी घर सोडलं नाही. जे झालं ते तुम्हाला सापडण्यासारखं नव्हतंच, उगीच तुम्हाला महिनाभर शोधायला लावलं. टोपात मसाला घालून तुम्ही उकळी काढलीत, आणि सवयीनं पळी माझ्या पुढ्यात धरलीत. "मीठ बघ गो," म्हणालात. मी बघितलं. जिभेपासून घशापर्यंत जाळ झाला, डोळ्यांत पाणी आलं, ते तुम्हाला चुलीच्या वाफेचं वाटलं. आणि मी म्हणाले, "बराबर आसा."

कोणी बळजबरी केली नव्हती. तुम्ही आवाजही चढवला नव्हता. माझ्या तोंडून ते आपसूक निघालं. टोप घासताना मला कळलं की ह्या घरात राहिले तर मी मरेपर्यंत बराबर आसा म्हणत राहीन, आणि तुम्ही ते खरं धरून चालत राहाल. तुमचा राग नंतर आला. त्या दिवशी मला माझीच भीती वाटली.

परत यायचं की नाही हे अजून माझं ठरलेलं नाही. ठरलं की मीच सांगेन, तन्वीकडून निरोप नाही पाठवणार.

रविवारी या. पण समोर बसून नुसतं बघायचं नाही. तुम्ही रिकाम्या ताटासमोर बसलात की मी वाढायला उठेन, माझे पाय माझं ऐकणार नाहीत. तुम्हीही जेवा. आणि मीठ मी चाखून बघणार नाही. कमी असो, जास्त असो, जसं होईल तसं दोघांनी खायचं.

सीता